एका डॉलरचा पूल

हडसन नदीवरचा एक रेल्वे पूल १९८४ साली एका डॉलरला विकला गेला.

पूल लहानसहान नव्हता. टोकापासून टोकापर्यंत ६,७६८ फूट, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडा जास्त. नदीच्या पाण्यापासून उंची २१२ फूट, म्हणजे ६५ मीटर. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे, यावरून अंदाज घ्या. बांधून झाला तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत लांब पुलांपैकी तो एक होता. आणि तरीही एका डॉलरला विकत घेणाऱ्याची चांदी झाली असं कुणीही म्हणणार नाही. कारण डॉलरसोबत त्याच्या गळ्यात पडली होती जळलेली लाकडं, गंजणारं पोलाद आणि खाली राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काही पडलं तर त्याची जबाबदारी.

पंचवीस वर्षांनी, ३ ऑक्टोबर २००९ रोजी, हाच पूल चालणाऱ्यांसाठी उघडला. आज तिथे वर्षाला पाच लाखांहून जास्त लोक येतात.

ही गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: पूल होता, आग लागली, निरुपयोगी झाला, मग चांगल्या लोकांनी त्याचा बगिच्यासारखा रस्ता केला. ऐकायला छान आहे. पण त्यातला 'निरुपयोगी' हा शब्द मला खटकतो. त्याला कारण माझी नोकरी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं माझं काम आहे जुन्या सिस्टिम बंद करणं. कुठली सिस्टिम किती वापरली जाते, तिच्यावर किती खर्च होतो, हे एका एक्सेल शीटमध्ये भरायचं. 'वापर' या रकान्यातला आकडा पुरेसा खाली गेला की ती ओळ लाल होते. लाल ओळ म्हणजे बंद. असल्याच एका प्रोजेक्टसाठी मी न्यूयॉर्क शहरापासून सव्वाशे किलोमीटर उत्तरेला, पकिप्सी नावाच्या गावी काही महिने राहिलो. (इंग्रजी स्पेलिंग बघून हा उच्चार कुणालाही सुचणार नाही.) आमच्या धंद्यात हे गाव म्हणजे तीर्थक्षेत्रच. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ची घोषणा इथेच केली. जगातल्या कित्येक मोठ्या बँकांचे व्यवहार आजही ज्या मेनफ्रेमवर चालतात, त्यांचं हे माहेर. आणि गावाच्या डोक्यावरून तो पूल जातो.

कोळशाची वाट

एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हेनियात कोळसा होता आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, गिरण्या होत्या. मध्ये हडसन. वरच्या अंगाला ऑल्बनीपर्यंत गेल्याशिवाय नदीवर पूल नाही. मालडबे तराफ्यासारख्या बोटींवर चढवून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा रुळांवर उतरवायचे. हिवाळ्यात नदी गोठली की तेही अवघड.

पकिप्सीला पूल हवा हा ध्यास घेतला हार्वे ईस्टमन या माणसाने. गावात त्याचं व्यापारी शिक्षणाचं कॉलेज होतं आणि तो गावचा महापौरही झाला. १८७१ साली कंपनीला परवाना मिळाला, पण नदीत एकही खांब नको या अटीवर. जहाजवाल्यांचा विरोध होता. पुढे चार खांबांची परवानगी मिळाली. १८७३ साली कोनशिला बसली, पण त्याच वर्षीच्या आर्थिक संकटाने पैसा आटला. १८७६ साली काम पुन्हा सुरू झालं, १८७८ साली पुन्हा थांबलं. त्याच वर्षी ईस्टमन वारला. पुढची आठ वर्षं हे घोंगडं भिजतच पडलं.

१८८६ साली नव्या कंत्राटाने काम हाती घेतलं आणि अडीच वर्षांच्या आत, २९ डिसेंबर १८८८ रोजी, पहिली गाडी पुलावरून गेली.

तळाशी माणूस नाही

या वेगामागचं तंत्र सांगायलाच हवं. काही वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी मोठाल्या उपड्या पेट्या बसवल्या होत्या. पेटीत दाबाखालची हवा भरायची म्हणजे पाणी आत येत नाही, आणि माणसांनी आत बसून गाळ खणायचा. बाहेर येताना दाब झपाट्याने उतरला की रक्तात वायूचे बुडबुडे होतात. त्याने कामगार मेले, आणि मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग कायमचा अधू झाला.

पकिप्सीला पाया त्याहूनही खोल न्यायचा होता, पाण्याच्या पातळीखाली सुमारे १३० फूट. इतक्या दाबात माणूस कामच करू शकला नसता. म्हणून इथे वेगळी युक्ती केली. जाड लाकडी ओंडक्यांचे प्रचंड सांगाडे बांधले. त्यांत वरून खालपर्यंत उघडे कप्पे ठेवले. काही कप्प्यांत वजन भरून सांगाडा बुडवायचा आणि मोकळ्या कप्प्यांतून यंत्राच्या जबड्याने तळाचा गाळ उपसायचा. गाळ निघेल तसा सांगाडा आपल्याच वजनाने खाली रुतत जातो. घट्ट थर लागला की कप्पे काँक्रीटने भरायचे. त्यावर दगडी बांधकाम, त्यावर पोलादी मनोरे. तळाशी माणूस उतरवायची गरजच नाही.

वरचं कामही असंच विचारपूर्वक. नदीवर पाच मोठे गाळे आहेत. त्यांतले तीन सुमारे ५४८ फुटांचे, कॅन्टिलिव्हर पद्धतीचे: दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांवरून हात पुढे काढत न्यायचे आणि मध्ये जोडायचे, म्हणजे खालून जहाजं जात राहतात. त्यांच्या मधले दोन ५२५ फुटांचे. ते नदीत तात्पुरतं लाकडी मचाण उभारून बांधले.

मधला तिसरा ट्रस

पूल झाला तसे इंजिन आणि डबे जड होत गेले. १९०६-०७ साली राल्फ मोजेस्की या इंजिनिअरला पूल बळकट करायला बोलावलं. पुलाला आधी दोन समांतर ट्रस होते, म्हणजे पोलादी त्रिकोणांच्या दोन लांबलचक चौकटी. मोजेस्कीने त्यांच्या बरोबर मध्ये तिसरा घातला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणखी एक तोड काढली: दोन्ही मार्गांचे रूळ सरकवून मध्यभागी एकमेकांत गुंफले. त्यामुळे पुलावर एका वेळी एकच गाडी जाऊ शकायची, पण तिचा भार मधोमध यायचा.

आता जो चालायचा रस्ता आहे तो या सगळ्यावर उभा आहे. माझा एक ढोबळ हिशेब बघा. रस्ता सुमारे सात मीटर रुंद. प्रत्येक चौरस मीटरमध्ये चार माणसं, प्रत्येकी सत्तर किलो, म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीसारखी गर्दी धरली, तरी पुलाच्या दर मीटर लांबीवर दोन टन भार येतो. भरलेला मालडबा सहज शंभर टनांचा, लांबी पंधरा मीटर. म्हणजे दर मीटरला साडेसहा टनांच्या पुढे. काँक्रीटच्या रस्त्याचं वजन वेगळं धरावं लागेल, पण गाड्या आणि माणसं यांच्यातला फरक लक्षात यावा. मोजेस्कीने कोळशासाठी केलेली तरतूद शंभर वर्षांनी शाळेच्या सहलींच्या कामी आली.

रूळ होते, गाड्या नव्हत्या

आता त्या 'निरुपयोगी' शब्दाकडे येऊ.

पुलाच्या पश्चिमेला मेब्रुक नावाचं मोठं यार्ड होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालगाड्या तिथे यायच्या आणि न्यू हेवन नावाची रेल्वे कंपनी तो माल पुलावरून न्यू इंग्लंडला न्यायची. अनेक दशकं हे चाललं. मग ट्रक आले, महामार्ग आले, गिरण्या दक्षिणेला गेल्या. वाहतूक कमी झाली हे खरंच आहे. पण संपली नव्हती.

१९६८ साली पेन्सिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र येऊन पेन सेंट्रल झाली. १९६९ च्या सुरुवातीला दिवाळखोर न्यू हेवन तिच्यात घालण्यात आली, आणि पूल पेन सेंट्रलचा झाला. पेन सेंट्रलला हा पूल नकोसा होता. का? तिचा स्वतःचा मार्ग उत्तरेला ऑल्बनीजवळच्या सेलकर्क गावातून नदी ओलांडत होता आणि तिथे तिचं नवंकोरं यार्ड होतं. सेलकर्कवरून माल गेला की जास्त अंतराचं भाडं तिच्याच खिशात. पकिप्सीवरून गेला तर मेब्रुकला माल आणून देणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांचाही त्यात वाटा. त्यामुळे माल हळूहळू सेलकर्ककडे वळवला गेला. मेब्रुक ओस पडलं. पुलावरच्या गाड्या मोजक्या राहिल्या.

हे वाचताना मला माझी एक्सेल शीट आठवली. 'वापर' या रकान्यात आकडा खाली गेलेला दिसतो. तो कुणी खाली नेला, हे सांगणारा रकाना नसतो. पुलाची गरज असलेले लोक होते: न्यू इंग्लंडचे कारखाने, मेब्रुकचे कामगार, पलीकडच्या रेल्वे कंपन्या. पण पूल त्यांचा नव्हता. आणि पूल ज्यांचा होता, त्यांना तो बंद पडण्यातच फायदा होता.

आग

१९७० च्या जूनमध्ये पेन सेंट्रलचं दिवाळं निघालं. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एवढी मोठी कंपनी बुडाली नव्हती. अशा कंपनीने देखभालीवर काय खर्च करायचा? पुलावर लाकडी स्लीपर होते आणि आगीसाठी पाण्याची नळवाहिनीही होती, पण ती चालू स्थितीत नव्हती.

८ मे १९७४ रोजी पुलाच्या पकिप्सीकडच्या बाजूला आग लागली. जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकमधून उडालेली ठिणगी हे कारण सांगितलं जातं. वर पाणी चढवताना अग्निशमन दलाची दमछाक झाली. सुमारे सातशे फूट लांबीचा लाकडी भाग आणि त्यावरचे रूळ गेले. पोलाद उभं राहिलं.

दोन किलोमीटरच्या पुलातले सातशे फूट, तेही वरचं लाकूडकाम. दुरुस्ती अशक्य नव्हती. पण करणार कोण? बुडालेल्या कंपनीला बंद करायला निमित्त हवं होतं, ते मिळालं. त्या दिवसानंतर पुलावरून गाडी गेली नाही. गोष्टीत आग हे कारण म्हणून येतं. माझ्या मते ती फक्त तारीख आहे.

मालक बदलत गेले

१९७६ साली पेन सेंट्रलसकट बुडीत रेल्वे कंपन्या गोळा करून सरकारने कॉनरेल बनवली. पूल कॉनरेलकडे आला. पाडायचा तर कोट्यवधी डॉलर. ठेवायचा तर विमा, कर आणि नदीतल्या जहाजांसाठी पुलावर दिवे लावण्याची कायदेशीर सक्ती. १९७९ साली ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत पुलाचं नाव आलं. मान मिळाला, पैसा नाही. पाच वर्षांनी कॉनरेलने एक डॉलर घेऊन सुटका करून घेतली. पुढच्या मालकांनीही त्याचं काही केलं नाही.

या काळात पुलाखाली माणसं राहत होती, हे विसरायला नको. पूर्वेकडचा अर्धा मैल लांबीचा भाग पकिप्सीच्या वस्तीवरून जातो. घरं, रस्ते, मोटारी. वरून गंजलेले, जळके तुकडे पडायचे. तिथल्या कुटुंबांच्या दृष्टीने पूल म्हणजे वारसा वगैरे काही नव्हता, डोक्यावरची टांगती तलवार होती. 'पाडून टाका' म्हणणारी माणसं अडाणी नव्हती.

पूल वाचला तो कुणाच्या दूरदृष्टीने वाचला असं पस्तीस वर्षांचा हा काळ पाहून म्हणता येत नाही. पाडायलाही कुणाकडे पैसे नव्हते म्हणून तो वाचला.

फळ्या आणि काँक्रीट

१९९२ साली बिल सेपे या स्थानिक माणसाने 'वॉकवे ओव्हर द हडसन' ही संस्था सुरू केली. कल्पना सरळ होती: गाड्या परत येणार नसतील तर माणसं चालू देत. स्वयंसेवकांनी वर चढून फळ्या टाकायला सुरुवात केली. १९९८ साली पुलाची मालकीही संस्थेकडे आली. म्हणजे जवळपास तीस वर्षांनी पहिल्यांदा पुलाचा मालक असा झाला, ज्याला पूल हवा होता.

पण फळ्या टाकत दोन किलोमीटर कधी होणार? लोकांच्या श्रमांवर, सरकारी पैसा न घेता सावकाश जायचं की मोठा निधी उभारायचा, यावर संस्थेत मतभेद झाले. सेपे बाजूला झाला आणि फ्रेड शेफर या वकिलाने सूत्रं घेतली. माझी सहानुभूती दोघांनाही आहे. सेपेशिवाय पूल कुणाच्या डोळ्यांपुढे आला नसता, आणि शेफरशिवाय तो उघडला नसता.

शेफरच्या काळात डायसन फाउंडेशन ही स्थानिक देणगीदार संस्था पाठीशी उभी राहिली, राज्य आणि केंद्र सरकारचा पैसा आला. इंजिनिअरांनी पुलाची कसून तपासणी केली. इतक्या वर्षांच्या हेळसांडीनंतरही सांगाडा एकंदरीत भक्कम निघाला. पाडायला जो खर्च आला असता, त्यापेक्षा रस्ता करणं स्वस्त पडेल असा हिशेब मांडला गेला. २००८ साली काम सुरू झालं. जळकं लाकूड काढलं, पोलाद दुरुस्त केलं, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या लाद्या वर बसवल्या. एकूण खर्च ३ कोटी ८८ लाख डॉलर. हेन्री हडसन या नदीत आला त्याला २००९ साली चारशे वर्षं होत होती. त्या मुहूर्तावर पूल उघडला आणि राज्याचं ऐतिहासिक उद्यान झाला. २०१४ साली पकिप्सीच्या किनाऱ्यावरून थेट वर जाणारी काचेची लिफ्ट सुरू झाली, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांनाही पूल मोकळा झाला. दोन्ही टोकांना जुन्या रेल्वेमार्गांवरच केलेल्या चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा आता त्याला जोडलेल्या आहेत.

गावालाही याची गरज होती. १९९३ साली आयबीएमने या खोऱ्यातल्या हजारो लोकांना कामावरून कमी केलं, त्याची झळ अजून गावाच्या मुख्य रस्त्यावर दिसते. पुलाने त्या नोकऱ्या परत आणल्या नाहीत. पण शनिवार-रविवारी लांबून येऊन इथे दिवस घालवणारी माणसं आणली.

सेलकर्कचा वळसा

मी तिथे असताना दर रविवारी पुलावर जायचो. दक्षिणेला मिड-हडसन हा झुलता पूल दिसतो, १९३० सालचा, मोटारींचा. त्याच्या रचनेतही मोजेस्कीचाच हात. एकाच माणसाचे दोन पूल, एकावरून दुसरा बघायचा. खाली पूर्व काठाने ॲमट्रॅकच्या प्रवासी गाड्या जातात. पश्चिम काठाने मालगाड्या.

या मालगाड्यांकडे बराच वेळ बघत राहावं. सीएसएक्स कंपनीच्या, मैल मैल लांब, कंटेनरवर कंटेनर रचलेले. न्यू जर्सीकडून येतात, आपल्या पायांखालून जातात आणि उत्तरेला आणखी शंभर किलोमीटर पुढे सेलकर्कला पोहोचतात. कारण मालगाडीला हडसन ओलांडायची तर रुळांवरचा पूल आता तिथेच आहे. नदीच्या पश्चिमेकडून न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागात रेल्वेने माल न्यायचा तर सेलकर्कपर्यंत वर जायचं आणि पलीकडच्या काठाने तेवढंच खाली यायचं. नाहीतर बंदरात डबे बोटीवर चढवायचे, १८८८ च्या आधीसारखे. रेल्वेच्या लोकांनी या वळशाला 'सेलकर्कचा अडथळा' असं नावच दिलंय. बहुतेक माल साहजिकच ट्रकवर जातो, आणि त्या ट्रकांचा धूर खाणारी माणसं पुन्हा वेगळीच.

म्हणून 'निरुपयोगी पुलाचं सोनं झालं' असं मला म्हणता येत नाही. पूल निरुपयोगी नव्हताच. एका कंपनीच्या वहीत तो तोट्याचा होता, आणि त्या वहीबाहेरचं काही मोजायची कुणावर सक्ती नव्हती. पुढे जे झालं ते सुंदर आहे. मी तिथे चाललोय, मला ते हवंच आहे. पण ते गमावलेल्या गोष्टीची भरपाई नाही, दुसरीच गोष्ट आहे. दोन्ही एकदम खऱ्या असू शकतात.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या शीटमध्ये दोन रकाने वाढवले. एक, हा वापर कमी झाला की कमी केला गेला. दोन, बंद केल्यावर वळसा कुणाला पडणार. मॅनेजरने विचारलं, हे भरायला वेळ लागेल ना? लागतो. मागच्या तिमाहीत एका लाल ओळीसाठी मला अकरा जणांना फोन करावे लागले. शेवटी सिस्टिम बंद करायचीच ठरली. पण ज्या तीन शाखांना त्याचा वळसा पडणार होता, त्यांची नावं या वेळी शीटमध्ये होती.